हायड्रोडोंगोमीटर

बक्षी साहेबांनी बीकरमध्ये हात घातला, घडी केलेली चिठ्ठी काढली, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाले, "हायड्रो."

मी सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. मनात म्हटलं, झालं, पोरगी जिंकली.

बीकर माझाच होता. सकाळी मीच तो राखेनं घासून लख्ख केला होता. भंडारा जिल्ह्यातल्या तलावांच्या मुलखात आमचं गाव, गावात एक हायस्कूल, हायस्कुलात एक प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळेचा शिपाई मी, नत्थू हटवार, सातवी पास. बाटल्यांवरची नावं सगळी इंग्रजीत. नवा होतो तेव्हा मला ती वाचता येत नसत, म्हणून मी नुसती नावांची तोंडं, म्हणजे सुरुवातीची अक्षरं, बघून त्यांची भावकी लावली. ज्यांचं तोंड सारखं, ती एका फळीवर. टेंभरे सर विज्ञान शिकवायचे. ते एकदा आत आले, फळीकडे बघितलं आणि ओरडलेच, "अरे नत्थू, हायड्रोक्लोरिक ॲसिडला खेटून हायड्रोजन पेरॉक्साइड? शाळा उडवतोस काय?"

फळ्या बदलल्या, पण डोक्यातली भावकी तशीच राहिली. पुढं सरांना विचारून विचारून कळलं की ही तोंडं म्हणजे आडनावंच. थर्मो म्हटलं की ऊब. फोटो म्हटलं की उजेड. मायक्रो म्हणजे बारीक, हायड्रो म्हणजे पाणी. आडनाव कळलं की पाहुणा कुठल्या गावचा ते निम्मं कळतं, बाकीचं त्याला चहा पाजून काढून घ्यायचं.

डोमा वलथरेच्या सुगंधाला मी हे शिकवलं. डोमा ढिवर, तलावात जाळं टाकायचा. त्याची बायको बिड्या वळायची. पोरगी मधल्या सुट्टीत माझ्याकडं यायची, परीक्षानळ्या विसळू लागायची आणि बदल्यात शब्द मागायची. मी प्रत्येक शब्दासोबत एक थाप द्यायचो, फुकट. थर्मामीटरमधला पारा माझ्या आज्यानं वैनगंगेच्या वाळूतून गाळून आणला, मायक्रोस्कोपखाली मी एकदा डासाच्या पोटात दुसरा डास बघितला आणि त्याच्या पोटात तिसरा, असलं काहीबाही. ती नळी उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, "मामाजी, शबुद ठेवते मी. थाप तुमची तुम्ही वापस घ्या."

त्या वर्षी विज्ञान इंग्रजीतून शिकवायचं वारं आलं होतं. बक्षी साहेब म्हणजे आमचे शिक्षण विस्तार अधिकारी, त्यांनी ही स्पर्धा काढली. बीकरमध्ये चिठ्ठ्या, चिठ्ठीवर शब्दाचं तोंड. दोन पोरांनी आळीपाळीनं त्या तोंडाचा एकेक शब्द सांगायचा, मराठीत अर्थ सांगायचा. विचाराला एक मिनिट. जो थांबला तो गेला. आणि जो शेवटपर्यंत टिकला त्याला आमच्या शिक्षण संस्थेच्या नागपूरच्या वसतिगृहात दोन वर्षं फुकट जागा. राहणं, जेवण, अकरावी आणि बारावी सायन्स.

डोमानं पोरीला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "जागा भेटली त शीक, माय. नाही भेटली त मायसंग बिड्या वळ. मले तिसरा रस्ता दिसत नाही."

सकाळपासून थर्मो, फोटो, टेली, बायो झाले. अकरा पोरं गळाली. उरली दोन. सुगंधा, आणि शिरीष कापगते. शिरीष म्हणजे संस्थेचे अध्यक्ष भैयासाहेब कापगते यांचा पुतण्या. भैयासाहेबांची धानाची गिरणी होती आणि शाळेची जमीन त्यांच्या वडिलांनी दिलेली होती, म्हणून ते बक्षी साहेबांच्या शेजारी दुसरे परीक्षक. तिसरे परीक्षक सरकारी दवाखान्याचे डॉक्टर, पण ते ऐनवेळी बाळंतपणाला अडकले आणि त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. टेंभरे सर घड्याळ घेऊन टेबलाच्या कोपऱ्याशी बसले होते. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

"हायड्रोजन," शिरीष म्हणाला. "एक वायू. पाण्यापासून मिळतो."

"हायड्रोमीटर. द्रवाची घनता मोजायचं साधन."

"हायड्रोक्लोरिक ॲसिड. जठरात असतं ते आम्ल."

"हायड्रोकार्बन. हायड्रोजन आणि कार्बनचं संयुग. रॉकेल, पेट्रोल."

"हायड्रोइलेक्ट्रिक. पाण्यापासूनची वीज."

"हायड्रोस्फिअर. जलावरण."

पोरगी हळू बोलत होती, तलावाच्या काठानं चालल्यासारखी, घाई नाही. हायड्रोलिसिस झालं, हायड्रोफाइट झालं. शिरीषनं हायड्रोट्रॉपिझम काढलं तेव्हा मीसुद्धा मनात त्याला शाबासकी दिली. भंडाऱ्याहून त्याला शिकवायला मास्तर येत असे, तो पैसा काही फुकट गेला नव्हता. सुगंधानं त्यावर हायड्रोफोबिया टाकला, "पिसाळलेला कुत्रा चावल्यावर माणसाला पाण्याची भीती वाटते, तो रोग." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा.

आता शिरीष अडकला.

दहा सेकंद झाली. वीस झाली. त्यानं छताकडं बघितलं, तिथं मातीच्या कवेलूशिवाय काही नव्हतं. काकाकडं बघितलं. काका खाकरले. टेंभरे सरांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. पंचेचाळीस. मी सुगंधाकडं बघून मान हलवली, की आलंच बघ नागपूर.

"हायड्रोडोंगोमीटर," शिरीष म्हणाला. "पाण्याची खोली मोजण्याचं यंत्र. हे जहाजाच्या बुडाला बसवतात."

माझ्या पायाखालची फरशी हलली म्हटलं तर ही थाप नाही.

कारण ते यंत्र माझं होतं. आदल्या दिवशी दुपारी हा पोरगा प्रयोगशाळेत आला होता. माझ्या वयाकडं न बघता म्हणाला, "नत्थू, त्या ढिवराच्या पोरीला कोणकोणते शब्द दिले ते मला पण दे." मी म्हटलं, देतो की राजा. मग त्याला असा घडवून दिला शब्द, जहाजासकट, बुडासकट. वाटलं, भर सभेत बोलेल आणि तोंडघशी पडेल, जन्मभर मला नत्थू म्हणायचं विसरेल.

सुगंधानं मान वळवून मागं माझ्याकडं बघितलं. तिला क्षणात कळलं. झाडाचा बुंधा कोरून केलेली होडी, म्हणजे डोंगा, तिच्या बापाच्या अंगणात उपडा पडलेला असायचा, तो कुठल्या जहाजाला बसवत नाहीत हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं ओठ मिटून घेतले. आता बक्षी साहेब कसे उडवतात याची वाट बघत मी मिशीवरून हात फिरवला.

"वा!" बक्षी साहेब म्हणाले. "हा माझ्या यादीत नाही. पण बरोबर आहे. आम्ही बी.एड.ला असताना ऐकला होता."

"एकदम बरोबर," भैयासाहेब म्हणाले. "कलकत्त्याला असते ते."

टेंभरे सरांनी माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं बघितलं, आणि नंतर घड्याळाकडंच बघत राहिले.

"चला, वलथरे. तुझी पाळी."

पोरीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, संपले हिचे शब्द. पण नव्हते संपले. एक होता, आणि तो तिच्या ओठांशी येऊन थांबला होता हे मला ठाऊक होतं, कारण तो आम्ही प्रयोगशाळेत मिळून फोडला होता. ती शेवटच्या ओळीकडं बघत होती. तिथं डोमा खाली जमिनीवर उकिडवा बसला होता, खांद्यावर पंचा. पन्नास सेकंद झाली.

"हायड्रोसील," ती म्हणाली. "अंडकोशात पाणी साचून येणारी सूज."

 मागच्या पोरांत कुणीतरी फुस्स केलं आणि अख्खं सभागृह खदखदलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. बक्षी साहेबांचा चष्मा परत कपाळावर गेला.

"काय बोललीस? समजतं का काही? चारचौघांत बोलायचे शब्द आहेत हे?"

"विज्ञानातला आहे, सर."

"असलं विज्ञान कुठून शिकलीस? कोण शिकवतं तुला?"

पोरीनं माझं नाव घेतलं नाही, मानही खाली घातली नाही. पोरं कुजबुजत होती, "कोणाले हाय बे? कोणाले?" मी तोंड उघडणार तेवढ्यात डोमा उठला. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू.

"मले होता जी," तो म्हणाला.

हसणं तुटलं.

"तीन वरसं होता. नारळाएवढा. तलावात उतरनं सोडलो मी, बाजारात जानं सोडलो. लोकं मागून हासत, म्या म्हनो, देवानं देलं, आता मसनातच जाईल. हत्तीपाय तपासाले आलेल्या फायलेरियावाल्यायनं कागद देला तो म्या कवेलूत खोचून ठेवला. या पोरीनं तो काढला, वाचला. मले म्हने, बाबा, याच्या नावातच पानी हाय. पानी हाय त काढता येते. मंग दवाखान्यात गेलो. डाक्टरनं काढलं. आता धा मानसाइतकं जाळं वढतो मी." त्यानं पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला. "शबुद खराब हाय म्हनता, साहेब? मले त त्यानं वाचवलं."

तो कागद घेऊन पोरगी माझ्याकडंच आली होती. पुढचं तोंड आम्हाला ओळखू आलं, मागचं 'सील' टेंभरे सरांनी सांगितलं: फुगवटा. नाव फुटल्यावर रोगाची अर्धी भीती फुटली. पण डोमाला हे असं दीडशे माणसांपुढं सांगावं लागेल, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

बक्षी साहेब थोडे वरमले. "तसं नाही हो. पण यादीत नाही ना हा शब्द."

"साहेब," मी मागून ओरडलो, "याच्या आधीचा शब्द पण यादीत नव्हता!"

"तो बरोबर आहे."

"तो खोटा आहे! तो मी बनवला. काल दुपारी, बाटल्या पुसता पुसता. डोंगोमीटर! अहो, डोंगा आहे तो, आपल्या तलावातला डोंगा!"

भैयासाहेब पोट धरून हसले. "नत्थू, गेल्या साली तू काय सांगितलं होतं? तुझा आजा मगरीवर बसून वैनगंगा पार करत होता म्हणून?"

"ते खोटं होतं जी."

"आणि लॅबमध्ये रात्री सांगाडा पान मागतो म्हणून?"

"ते पण खोटं. पण हे खरं आहे. हे खोटं होतं हे खरं आहे."

सभागृह माझ्यावर हसलं. आयुष्यभर ज्या हसण्यासाठी मी जीव टाकला ते हसणं त्या दिवशी पोटभर मिळालं आणि मला त्या प्रत्येक हसणाऱ्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

"शिरीष बाळा," बक्षी साहेबांनी विचारलं, "कुठं वाचलास हा शब्द?"

पोरगा लाल झाला. तेवढी लाज त्याच्यात होती, हे मी आजही त्याच्या नावावर जमा धरतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, काकाकडं बघितलं. "पुस्तकात," तो म्हणाला.

"टेंभरे सर, तुम्ही सांगा!" मी म्हटलं. "कोणता शब्द खरा, कोणता खोटा, तुम्हाला ठाऊक आहे!"

सरांचे ओठ हलले. भैयासाहेबांनी नुसतं त्यांच्याकडं वळून बघितलं, बाकी काही नाही. सर म्हणाले, "माझ्याकडं फक्त वेळेचं काम आहे."

मी पळालो. ग्रंथालयाच्या कपाटातून इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला आणि टेबलावर आपटला. बक्षी साहेबांनी बोट जिभेला लावून पानं उलटली. सगळे वाकून बघू लागले. शाळेचा शब्दकोश, विटेएवढा सुद्धा नाही, अर्ध्या विटेएवढा. त्यात हायड्रोजन होता, हायड्रोफोबिया होता. डोंगोमीटर नव्हतं. आणि हायड्रोसीलही नव्हतं. पोरीचा खरा आणि माझा खोटा, दोघंही एकाच पानावर सारखेच गैरहजर.

"मग समोरच्या दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवा," मी म्हणालो. "सडक ओलांडायची आहे फक्त. नाहीतर कंपाउंडरला बोलवा. झाडूवालीला विचारा, तिला पण ठाऊक असेल!"

"नत्थू," भैयासाहेबांचा आवाज बदलला, "नोकरी नको झाली काय?"

मग ते उठून उभे राहिले आणि त्यांनी निकाल दिला. तो मला अक्षरशः पाठ आहे. "दोन्ही शब्द यादीत नाहीत, शब्दकोशातही नाहीत. म्हणजे दोन्ही सारखे. पण एक शब्द सभेत बोलण्याजोगा आहे आणि एक नाही. मुलींना वळण लावणं हेही शाळेचं काम आहे. शिरीष विजयी."

टाळ्या वाजल्या. आधी पुढच्या रांगेत, मग मागं. लोकांना जेवायला जायचं होतं.

शाळेच्या फाटकाबाहेर मोहाच्या झाडाखाली मी बापलेकीला गाठलं. माझ्या तोंडाला धरबंध राहिला नव्हता. बक्षीच्या बी.एड.चा उद्धार केला, गिरणीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या, टेंभरे सरांना शेणाचा पुतळा म्हणालो. डोमा ऐकत होता. सुगंधा चप्पल हातात घेऊन उभी होती, चपलेचा अंगठा तुटला होता.

"मामाजी," ती म्हणाली, "तुम्ही त्याले तो शबुद काऊन देला?"

"अवं, त्याला तोंडावर पाडायला! मला वाटलं सगळे हासतील, नापास करतील त्याला. तुझ्यासाठीच ना माय!"

"त्याच्यापाशी शबुद सरले होते."

"हो ना! म्हणून तर..."

"पंचेचाळीस सेकंद झाले होते." ती चिडली नव्हती. गणित सोडवावं तशी बोलत होती. "अजून पंधरा होते. तुमचा शबुद नसता त तो थांबला असता. मले बाबाचा काढावाच लागला नसता."

मी काहीतरी बोलायला गेलो. माझ्याजवळ कधी बोलणं कमी पडलं नव्हतं. मगर, सांगाडा, आजा, सगळे माझ्या दारात कायम उभे असायचे. त्या वेळी एकही आला नाही.

"चाल, पोरी," डोमा म्हणाला. त्यानं तिच्या हातातली तुटकी चप्पल घेतली आणि स्वतःच्या पंच्यात गुंडाळली. ती दोघं तलावाच्या बांधावरून गेली. पोरीनं मागं वळून बघितलं नाही, आणि बघितलं असतं तर मीच तोंड फिरवलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडं गेलो आणि हे सगळं लिहून द्यायला तयार आहे म्हणालो. ते म्हणाले, "नत्थू, निकाल लागला. आता कागद खराब करू नको." दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते हळहळले, चहा पाजला, म्हणाले शब्द खरा असल्याची चिठ्ठी देतो. चिठ्ठी मी मुख्याध्यापकांना नेऊन दिली. ती कुठं गेली ते मला माहीत नाही. शिरीष जूनमध्ये नागपूरला गेला आणि दिवाळीत परत आला. त्याला सायन्स नकोच होतं. वसतिगृहातली ती खाट वर्षभर रिकामी होती म्हणतात.

बक्षी साहेबांनी मात्र आपली यादी सुधारली. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या शाळांना नवी सायक्लोस्टाइल केलेली यादी आली. शाई थोडी पसरली होती, पण अठ्ठाविसाव्या ओळीवर माझं यंत्र मला लांबूनही ओळखू आलं. तालुक्यातली पोरं ते पाठ करू लागली. चाचणीत आलं. मी बाटल्या पुसत असायचो आणि शेजारच्या वर्गातून एका सुरात ऐकू यायचं, पाण्याची खोली मोजण्याचं यंत्र, जहाजाच्या बुडाला बसवतात.

तिसऱ्या वर्षी सुगंधाची धाकटी बहीण कुंदा आठवीत आली. तोंडवळा तोच. सहामाहीच्या आदल्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही.

"ताईनं पाठवलं," ती म्हणाली. "ताई बिड्या वळता वळता माझी परीक्षा घेते. म्हनते, अठ्ठाविसावा शबुद खोटा हाय. तुम्हाला ठाऊक हाय म्हनते."

"हो," मी म्हणालो. "खोटा आहे."

"पर गाळला त गुरुजी मार्क कापतात." तिनं वहीची कड नखानं खरवडली. "मंग लिहू का नको, मामाजी?"

मी हातातली बाटली फळीवर ठेवली. टेंभरे सर बाहेरच्या व्हरांड्यातून चालले होते; ते एव्हाना कायम झाले होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांची पावलं थोडी हळू झाली आणि मग पुन्हा नेहमीसारखी पडू लागली.

"लिही," मी म्हणालो.